चावी देण्याआधी पॉलिसी वाचा

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या अनेक घरांत पोरांना कार शिकवण्याचा विषय निघतो, आणि ‘विमा आहे ना’ एवढ्यावर तो संपतो. पण विम्याचा हप्ता भरला म्हणजे आपण सुटलो, असे होत नाही. शिकाऊ परवान्याला विमा लागूच होत नाही, हाही गैरसमजच. शिकाऊ परवाना हाही परवानाच, असे सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात २००४ सालीच सांगितले आहे. खासगी कारच्या पॉलिसीतले चालकाचे कलमही त्याला मान्यता देते. मात्र १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळलेला हवा. म्हणजे पक्का परवाना असलेला माणूस गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला असावा आणि पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी असावी. काका मागच्या सीटवर बसले असतील तर ही अट मोडली, आणि गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळाले.

यावर कोणी म्हणेल, थर्ड पार्टीची भरपाई तर कंपनीला द्यावीच लागते. बरोबर आहे, जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना ती मिळावी म्हणून न्यायालये बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात. पण अटीचा भंग सिद्ध झाला तर तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतात. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने परस्पर मोटारसायकल नेल्याच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाची जबाबदारी कायम ठेवली. विनापरवानगी नेली, हा बचाव टिकला नाही. मृत्यूच्या भरपाईचा आकडा किती मोठा असू शकतो, हे लक्षात घेतले तर घर विकायची पाळी येऊ शकते.

‘आमच्या ले-आउटमध्येच तर फिरवतो’ हाही युक्तिवाद चालत नाही. लोकांचा वावर असलेला रस्ता कायद्याने सार्वजनिकच. कारचा शिकाऊ परवाना अठरापूर्वी मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरता असतो, आणि क्लासेसबाहेर उभ्या असतात त्या मोपेड बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या. तिथे २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ लागते: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मुलगा अठराचा झाल्यावर आधी आरटीओतून शिकाऊ परवाना काढा, पॉलिसीतले चालकाचे कलम वाचा, शंका असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, आणि शेजारी स्वतः बसा.