फोन येतो, पण वाजत का नाही?

प्रश्न : अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं धाब्याचं घर आहे. उन्हाळ्यात मी पापड, कुरडया, शेवया करून विकते. सगळ्या ऑर्डरी फोनवरच येतात. पोरानं पुण्याहून नवीन स्मार्टफोन आणून दिला, कानात घालायचे बिनवायरचे इअरबड्सही दिले. पण तेव्हापासून फोन वाजूनच नाही राहिला. गिऱ्हाईक म्हणतात, "ताई, तीनदा लावला, तुम्ही उचलतच नाही." कधी मिसकॉल दिसतो, कधी काहीच दिसत नाही. दुसरं असं, की माझे हात पिठात असतात. फोन हातात न घेता बोलता येईल का? शेजारचे म्हणतात, फोनच खराब निघाला. बदलून घेऊ का?
— एक वाचक भगिनी, जुने शहर, अकोला

उत्तर : ताई, फोन बदलायची घाई करू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून दोष फोनच्या यंत्रात नसून सेटिंगमध्ये किंवा नेटवर्कमध्ये असावा, असं दिसतं. ज्यांचा फोन चुकला त्या गिऱ्हाइकाला आधी एवढंच विचारा, "तुम्हाला पलीकडून काय ऐकू आलं?" त्यावरून फोन कुठे अडला ते बहुतेक वेळा कळतं. उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात.

पहिलं उत्तर : "पूर्ण रिंग गेली."

म्हणजे फोन तुमच्यापर्यंत पोचला होता, फक्त वाजला नाही. अशा वेळी मिसकॉल दिसतोच. सर्वात आधी आवाज पाहा. नव्या अँड्रॉइड फोनवर बाजूचं बटण दाबलं की बहुधा व्हिडिओ-गाण्यांचा आवाज वाढतो, रिंगचा नाही. दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्या असतात. म्हणून यूट्यूब मोठ्यानं वाजतं आणि रिंग मात्र ऐकूच येत नाही. सेटिंग्जमधल्या 'ध्वनी'त जाऊन रिंगची पट्टी वर सरकवा.

मग 'व्यत्यय आणू नका' हा मोड सुरू आहे का ते बघा. इंग्रजी मेनूत तो 'डू नॉट डिस्टर्ब' या नावानं असतो. झोपेच्या वेळेसाठी तो आपोआप सुरू होईल असं वेळापत्रकही फोनमध्ये लावता येतं, आणि नवा फोन सुरू करताना ते नकळत लागून गेलेलं असू शकतं. याची एक पक्की खूण सांगतो. एकाच माणसाचा पहिला फोन वाजत नाही, पण त्यानं लगेच पुन्हा लावला की वाजतो, असं होत असेल तर कारण हाच मोड. अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांत तोच माणूस दुसऱ्यांदा फोन करत असेल, तर काम तातडीचं समजून रिंग वाजू देण्याची सोय आहे. १९०९ वर नोंदवतात ते डीएनडी मात्र वेगळं. ते जाहिरातींचे फोन अडवतं, गिऱ्हाइकांचे नाही. त्याला हात लावू नका.

इअरबड्सही पाहा. डबीचं झाकण उघडं राहिलं आणि ते फोनला जोडलेलेच असले, तर काही फोनांत रिंग किंवा बोलण्याचा आवाज तिकडे जातो. काम झालं की ते डबीत नीट बसवा आणि झाकण लावा.

गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवरून फोन करत असतील तर त्याची तपासणी वेगळी. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक अॅपला सूचना दाखवण्यासाठी आपली परवानगी लागते. सुरुवातीला घाईत 'नाही' दाबलं गेलं असेल, तर व्हॉट्सअॅपचे फोन मुकाट्यानं येऊन जातात. शिवाय जून २०२३ पासून व्हॉट्सअॅपमध्ये अनोळखी नंबरांचे फोन गप्प करण्याची सोय आहे. विकणाऱ्या माणसाला प्रत्येक नवं गिऱ्हाईक अनोळखीच असतं. ती सोय बंद ठेवा.

दुसरं उत्तर : "संपर्क क्षेत्राच्या बाहेर म्हणून सांगतात."

इथे फोन तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणूनच मिसकॉलही दिसत नाही. मोर्णा नदीच्या पश्चिमेला, असदगडाच्या परिसरात वसलेल्या तुमच्या भागात मातीच्या जाड भिंतींची जुनी घरं अजून आहेत. जाड भिंत आणि वरचं मातीचं धाबं सिग्नल बराच शोषून घेतात. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरींना तर आत शिरणं अधिकच जड जातं. एक साधी परीक्षा घ्या. फोन आतल्या खोलीत ठेवून घरच्या दुसऱ्या नंबरवरून लावा, मग ओसरीवर ठेवून लावा. ओसरीवर वाजला आणि आत वाजला नाही, तर कारण नेटवर्क. घरात वाय-फाय असेल तर सेटिंग्जमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करा. साधे फोनही मग वाय-फायवरून येतात. जिओ आणि एअरटेल दोघांनीही ही सोय २०२० च्या सुरुवातीपर्यंत आणली होती. वाय-फाय नसेल तर कामाच्या वेळी फोन ओसरीच्या किंवा खिडकीच्या बाजूला ठेवा.

सिम जिओचं असेल तर फोरजी कॉलिंग, म्हणजे व्होल्टे, सुरू आहे का ते तपासा. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच. व्होल्टे बंद असलं की साधा फोन येण्याचा रस्ताच उरत नाही. दोन सिम वापरत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. बहुतेक फोनांत एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमचा नंबर बाहेरच्याला लागत नाही. ऑर्डरीसाठी एकच नंबर द्या आणि त्यावर 'कॉल वेटिंग' सुरू ठेवा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी येतात, त्या दिवशी गर्दीमुळे टॉवरवर ताण पडतो. तेव्हा फोन लागले नाहीत तर तुमच्या फोनला दोष देऊ नका.

तिसरं उत्तर : "एकदाच वाजून कट झाला," किंवा "भलत्यानंच उचलला."

आधी ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी पाहा. नको असलेले फोन ओळखणारं अॅप टाकलं असेल तर त्याचीही यादी बघा. मग *#२१# डायल करा. तुमचे फोन दुसऱ्या नंबरकडे वळवलेले असतील तर ते पडद्यावर दिसेल. तुम्ही स्वतः वळवलेले नसतील तर ##००२# डायल करून सगळं वळवणं रद्द करा. कुरिअर किंवा बँकेचं नाव सांगून कोणी कोड डायल करायला लावतात आणि तुमचे फोन, त्यासोबत ओटीपीचे फोनही, स्वतःकडे वळवून घेतात. याच कारणासाठी दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून फोन वळवण्याची *४०१# ही सेवा थांबवायला सांगितली. तरी असे भामटे संपलेले नाहीत. फसवणूक झाली असेल तर ताबडतोब १९३० वर कळवा.

काही जण मात्र मुद्दाम एक रिंग देऊन फोन ठेवतात. २००३ पर्यंत आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. मिसकॉल म्हणजे निरोप, ही सवय तेव्हाची. तुमचं एखादं जुनं गिऱ्हाईक अजूनही त्याच रीतीनं ऑर्डर कळवत असेल. म्हणून संध्याकाळी मिसकॉलची यादी बघून सर्वांना उलट फोन करा. फक्त +९१ सोडून दुसऱ्या देशाचा अनोळखी नंबर असेल तर करू नका.

कधी फोन वाजतो, पण उचलला जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या फोन अॅपची मांडणी बदलली आणि अनेकांना उचलण्याचं बटण एका रात्रीत वेगळं दिसू लागलं. अॅपच्या सेटिंगमध्ये आडवं सरकवणं किंवा एकदा टेकवणं यापैकी एक निवडता येतं. तुम्ही टेकवणं निवडा.

आता पिठातल्या हातांचं. इअरबड्स याच कामाचे आहेत. एकच बड कानात घाला, दुसरा कान घरातल्या आवाजांसाठी मोकळा ठेवा. गाणी ऐकू येतात पण फोनवरचं बोलणं येत नसेल, तर ब्लूटूथच्या यादीत त्या बड्सच्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबा आणि 'फोन कॉल' ही खूण सुरू करा. गूगलच्या फोन अॅपमध्ये फोन करणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगण्याची सोय आहे, सॅमसंगमध्येही आहे. गिऱ्हाइकांची नावं जतन केलीत की न बघता कळेल कोणाचा फोन आहे. सॅमसंगच्या फोनवर ब्लूटूथ जोडलेलं असताना फोन आपोआप उचलला जाईल असंही लावता येतं, आयफोनमध्येही तशी सोय आहे. पण ती फक्त कामाच्या तासांत वापरा. नाहीतर कोणाचाही फोन आपोआप सुरू होईल आणि घरातलं बोलणं पलीकडे ऐकू जाईल. स्वतः फोन लावायचा असेल तर गूगल असिस्टंटला मराठीत सांगितलं तरी कळतं, "सुनेला फोन लाव."

माल पोचवायला स्कूटीवर निघालात तर फोन पर्समध्येच राहू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन वापरणं हा धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कानात बड असला तरी मन बोलण्यातच अडकतं. फोन आला तर गाडी कडेला घ्या, मग बोला. उन्हापासूनही फोन जपा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो गच्चीवर वाळवणाजवळ ठेवू नका. आयफोन बनवणारी कंपनीच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत तो वापरा असं सांगते. फार तापलेला फोन स्वतःहून बंद पडू शकतो.

एवढं सगळं करूनही ओसरीवरसुद्धा फोन लागला नाही, तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. तिथे व्यवस्थित चाललं तरच फोन दुरुस्तीला न्या. दूर राहणाऱ्या लेकरांना माझी एक विनंती आहे. आईला नवा फोन दिलात की त्याच दिवशी निघून जाऊ नका. दुसऱ्या नंबरवरून फोन लावा, व्हॉट्सअॅपवरूनही लावा, आणि तो वाजला व तिनं स्वतः उचलला याची खात्री करूनच घर सोडा.