चाकाचा स्टड तुटला : खर्च किती, कशाचा?

चाक खोलताना नट नुसताच फिरत राहतो, नाहीतर कट्‌कन आवाज होऊन स्टडचा तुकडा पान्यात येतो. पंधरा वर्षं धावलेल्या गाडीला हे दुखणं कधी ना कधी गाठतंच. बंगळूरच्या के. आर. पुरममध्ये ओल्ड मद्रास रोडला टायरवाले हवे तेवढे आहेत; पण हे काम टायरवाल्याचं नव्हे, गॅरेजचं.

स्टड स्वतः स्वस्त. मारुती, ह्युंदाईच्या छोट्या गाडीचा एक स्टड ढोबळमानाने ५० ते १५० रुपयांना पडतो, नट त्याहून कमीच. पैसा जातो मजुरीत. स्टड हबमध्ये मागच्या बाजूने दाबून बसवलेला असतो, डोक्याखालचे दाते भोकात रुतलेले. ड्रम किंवा डिस्क उतरवल्यावर मागे तो निसटण्यापुरती जागा असेल, तर एका चाकाचं काम ३०० ते ६०० रुपयांत उरकावं. जागा नसेल तर हब काढणं आलं, प्रेस आली, आणि हब ओढताना बेअरिंग गेलं तर तेही नवं. मग बिल दोन हजारांच्या वर सहज. म्हणून भाव ठरवण्याआधी एकच विचारा: हब काढावा लागेल का? हब जागेवर ठेवून घणाने ठोकायला निघालेल्याला मात्र तिथेच थांबवा. दणका बेअरिंगला बसतो.

आता मूळ कारण. मारुतीच्या स्टडचे आटे १२ बाय १.२५, ह्युंदाई-होंडा-टोयोटाचे १२ बाय १.५. जाडी तीच, त्यामुळे टायरवाल्याच्या डब्यातला परका नट दोनेक फेरे हाताने जातो आणि अडतो. तिथे गन लावली की आटे गेलेच! नट सुरुवातीला हातानेच फिरवायला सांगा. फोक्सवॅगन, स्कोडा, फियाट असेल तर स्टड नसतात, बोल्ट असतो. तो बदलणं सोपं, पण हबमधले आटे गेले तर हबच बदलायची वेळ येते.

एक तुटला असेल तर त्या चाकाचे चारही बदला. शेजारच्यांनी त्याचा भार सोसलेला असतो, आणि मजुरीत फारसा फरक पडत नाही. वेल्डिंगचा जुगाड नकोच. जवळपास माल नाही मिळाला तर जे. सी. रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुना स्टड घेऊन जा. पक्कं बिल घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, २८ नव्हे.

शेवटचा पीळ टॉर्क रेंचने. मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण ८५ न्यूटन-मीटर, बाकीच्यांचं मॅन्युअलमध्ये असतं. आट्यांना तेल लावू देऊ नका. आणि कोलारपर्यंत जाऊन आलात की नट पुन्हा एकदा तपासून घ्या; नवा स्टड जागी बसताना नट किंचित सैल होतो.