प्रसंगावधान

मुलांनो, आकाशात उंच चढलेल्या विमानाच्या आतील हवेचा दाब बाहेरच्या विरळ हवेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून वैमानिकासमोरची काच फार भक्कम बसवावी लागते. ती निखळली तर केवढा अनर्थ ओढवतो, हे १० जून १९९० रोजी इंग्लंडमध्ये दिसून आले.

त्या दिवशी सकाळी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा शहराकडे एक विमान ८१ उतारू घेऊन निघाले. सुमारे १७,३०० फूट उंचीवर मुख्य वैमानिक लँकेस्टर यांच्यासमोरची काच एकाएकी उडाली. आतील हवा सोसाट्याने बाहेर धावली आणि तिच्याबरोबर लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. ऑग्डेन नावाच्या सेवकाने धावत येऊन त्यांची कंबर घट्ट धरली. इतर सेवकही मदतीस आले. सहवैमानिक ॲचिसन यांनी धीर सोडला नाही. वाऱ्याच्या गर्जनेत बिनतारी संदेश नीट ऐकू येईना. तरीही त्यांनी विमान त्वरेने खालच्या दाट हवेत आणले व साउदॅम्प्टन येथे सुखरूप उतरवले. लँकेस्टर गतप्राण झाले असे सहकाऱ्यांना वाटले होते. पण त्यांनी पकड सोडली नव्हती. लँकेस्टर वाचले. एकही प्राण गेला नाही.

पुढे चौकशीत कारण उघड झाले. काच नुकतीच बदलली होती आणि ती बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक वापरले गेले होते. फरक एका मिलिमीटरहूनही कमी! एवढ्याशा हयगयीने ८७ जीव संकटात पडले. धैर्याने व कर्तव्यनिष्ठेने ते तारले. काम लहान असो वा मोठे, ते चोखच केले पाहिजे.