वॉशर पडला तर तिथल्या तिथे सांगा

मुरुड, कर्दे, हर्णै भागातली बारावी झालेली मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, नेव्हीत विमानावर काम करायला मिळेल का? मी नौदलात विमान मेकॅनिक होतो म्हणून हा प्रश्न माझ्या दारात येतो. माझ्या वेळी सेलरची भरती 15 वर्षांसाठी व्हायची. 2022 पासून अग्निवीर म्हणून 4 वर्षं, आणि त्यातली जास्तीत जास्त 25 टक्के मुलं पुढे कायम होतात. हे आईवडिलांसमोर बसून नीट समजून घ्या, मगच फॉर्म भरा. बाहेर पडल्यावर विमान कंपनीत विमानाला उड्डाणायोग्य म्हणून सही द्यायची तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं (डीजीसीए) लायसन्स लागतं. नौदलातल्या अनुभवावर ते आपोआप मिळत नाही, त्याच्या वेगळ्या परीक्षा असतात. शिवाय कोणता ट्रेड मिळेल, हे नौदलाच्या गरजेवरही ठरतं. विमानच हवं, असा हट्ट धरून गेलेली मुलं पहिल्याच वर्षी खचतात.

प्रशिक्षणाची सुरुवात ओडिशात, आयएनएस चिल्काला. तिथे विमान दिसत नाही. पहाटेची धाव, परेड आणि पोहणं. समुद्राकाठी वाढूनही आपली कितीतरी मुलं गुडघाभर पाण्यापलीकडे गेलेली नसतात. जाणत्या माणसाबरोबर विहिरीत किंवा तलावात शिकून जा. त्यासाठी मुरुडच्या समुद्रात एकट्याने उतरू नका.

विमानाचं शिक्षण कोचीला मिळतं. शिकवणारे हिंदीत समजावतात, पण मॅन्युअल इंग्रजीत असतं आणि काम मॅन्युअलप्रमाणेच करायचं असतं. मराठी माध्यमातल्या मुलाने बारावीचं फिजिक्स एकदा इंग्रजीतून वाचून जावं. हाताला पहिली शिस्त लावते ती लॉकवायर. बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून पिळायची, ती अशा दिशेने की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला उलट आवळण्याच्या बाजूला खेचेल. दिशा चुकली तर तार दिसायला सुरेख आणि कामाला शून्य. शिकवणारे कापून टाकायचे आणि पुन्हा घालायला लावायचे. बोल्ट किती आवळायचा हेही मनावर नसतं, ते टॉर्क रेंच सांगतो.

खाऱ्या हवेचं काय होतं, हे कोकणातल्या मुलाला शिकवावं लागत नाही. आपल्या घराच्या खिडकीचे गज जसे फुगून पापुद्रे सोडतात, तसंच विमानाच्या धातूचंही होतं, फक्त ते आत, सांध्यात, दिसत नाही अशा जागी सुरू होतं. म्हणून समुद्रावर कमी उंचीवरून उडून आलेलं हेलिकॉप्टर गोड्या पाण्याने धुतात. हे काम कंटाळवाणं म्हणून नवी मुलं उरकून टाकतात. मला तरी तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. आमच्यातला एक मुलगा चेतक हेलिकॉप्टरवर काम करत होता. इंजिनाजवळ त्याच्या हातून एक वॉशर निसटला. त्याने शोधला, सापडला नाही. वर सांगितलं तर शिक्षा होईल या भीतीने त्याने खिशातला दुसरा वॉशर लावला आणि गप्प राहिला. हत्यारं संध्याकाळी मोजली जातात, प्रत्येकाची पेटीत ठरलेली जागा असते, त्यामुळे पाना हरवला तर कळतो. वॉशर कळत नाही. रात्री जेवताना त्याला घास जाईना, तेव्हा त्याने शेजारच्याला सांगितलं आणि दोघे तसेच ड्यूटीवरच्या सीनियरकडे गेले. सकाळचं उड्डाण थांबवलं. बॅटरीच्या उजेडात सगळे शोधत होतो. कंट्रोलच्या दांड्याच्या सांध्याजवळ तो अडकलेला सापडला. हवेत असताना तो तिथे रुतला असता तर पायलटच्या हातातलं हेलिकॉप्टर त्याचं ऐकलं नसतं. मुलाला बोलणी बसली, पण त्याने स्वतःहून सांगितलं याची नोंद झाली आणि तो त्याच हँगरमध्ये कामावर राहिला.

तो मुलगा आळशी नव्हता, त्याचा हातही चांगला होता. त्याला भीती वाटली, एवढंच. ही भीती हँगरमध्ये तयार होत नाही, मुलं ती घरातून आणि शाळेतून घेऊन येतात. म्हणून माझं सांगणं मुलांइतकंच आईवडिलांना आहे. काही फुटलं, हरवलं, बिघडलं आणि मूल ते स्वतः येऊन सांगत असेल, तर त्याच्यावर हात उगारू नका. आधी ऐकून घ्या.