अपूर्णविरामात दडलंय काय?

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ती क्यूएमएल नावाच्या भाषेत एका ॲपचा पडदा तयार करते आहे. मी एकेकाळी सी शिकलो होतो, म्हणून तिची फाइल कुतूहलाने पाहिली. तिच्यात ना मेन फंक्शन, ना लूप. नुसती महिरपी कंसांची उतरंड आणि जागोजागी अपूर्णविराम. ती म्हणते, ‘बाबा, इथे कसं करायचं ते सांगायचं नसतं, काय हवं ते सांगायचं.’ मग करतं कोण? आणि या भाषेच्या मुळाशी असतं तरी काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मुलगी बरोबर सांगते आहे. मेन फंक्शनही हरवलेलं नाही. ते बहुधा शेजारच्या सी++ फाइलीत असतं, जेमतेम दहा-पंधरा ओळींचं. क्यूएमएलची फाइल इंजिनाच्या हाती देणं एवढंच त्याचं काम. ती वाचून पडद्यावरच्या वस्तू घडवतं ते हे इंजिन. नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीने ‘क्यूट’ नावाचा सी++चा संच उभा केला, 2008 मध्ये नोकियाने ती कंपनी घेतली आणि 2010 मध्ये क्यूटच्या 4.7 या आवृत्तीबरोबर क्यूएमएल सर्वांच्या हाती आली. लिनक्सवरचा केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप बराचसा याच भाषेत लिहिलेला आहे.

आता विटांकडे वळू. सगळ्यात मूळची वीट म्हणजे ‘आयटम’, आणि ती दिसतच नाही! तिला जागा असते, रुंदी-उंची असते, पारदर्शकता असते. रंग मात्र नसतो. ‘रेक्टँगल’, ‘टेक्स्ट’, ‘इमेज’ ही तिचीच रंगरूप घेतलेली भावंडं. ‘माउसएरिया’ही अदृश्यच, पण बोट किंवा माउस टेकला की तिला कळतं. आयटमला रुंदी-उंची सांगितली नाही तर ती शून्य धरली जाते आणि रेक्टँगलचा रंग सांगितला नाही तर तो पांढरा असतो. ‘काहीच दिसत नाही’ म्हणून नवशिके तासन्‌तास डोकं धरून बसतात, त्यामागे बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक कारण निघतं.

कंसांची उतरंड म्हणजे घराण्याची वंशावळ समजा. आतल्या वस्तूची जागा बाहेरच्या वस्तूच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजतात. बाप सरकला की लेकरं सरकतात, तो लपला की तीही लपतात. ‘अँकर’ वापरला तर मोजमापही लागत नाही; माझी डावी कड शेजाऱ्याच्या उजव्या कडेला लाव, एवढं म्हणायचं. हा शेजारी मात्र सख्खा हवा, नाहीतर थेट बाप. चुलतघराला अँकर टाकता येत नाही.

पण मला विचाराल तर या भाषेचा प्राण वस्तूंत नाही, तुम्हाला दिसलेल्या त्या अपूर्णविरामात आहे.

सी मध्ये बरोबरचं चिन्ह म्हणजे एका क्षणाची घटना. उजवीकडची किंमत काढली, डावीकडे ठेवली, संपलं. क्यूएमएलमध्ये ‘रुंदी : बापाची रुंदी भागिले दोन’ असं लिहिलं की तो कायमचा संबंध होतो. खिडकी ताणा, रुंदी आपोआप बदलते. तुम्ही एक्सेल वापरत असाल तर हे ओळखीचं वाटेल : बेरजेचं सूत्र असलेल्या चौकटीत आपण नंतर हात घालत नाही, वरचा आकडा बदलला की बेरीज बदलते. याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. इंजिन उजवीकडचं सूत्र सोडवताना कोणकोणते गुणधर्म वाचले गेले याची नोंद ठेवतं. त्यातला एखादा बदलला की तो तशी वर्दी देतो आणि सूत्र पुन्हा सोडवलं जातं. तुमच्या ‘करतं कोण’चं खरं उत्तर हे नोंद ठेवणं आहे.

याचा फायदा मराठीत ॲप करताना लख्ख दिसतो. ‘ओके’साठी बेतलेल्या बटणात ‘ठीक आहे’ कोंबलं की अक्षरं कडेवर चढतात. बटणाची रुंदी ‘मजकुराची नैसर्गिक रुंदी अधिक 24’ अशी लिहिली तर भाषा कोणतीही येवो, बटण शब्दाच्या मापाचंच राहतं. उंचीही अशीच मजकुरावरून घ्यावी; देवनागरीच्या वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते.

आता मुलीला एक धोका जरूर दाखवा. ‘ऑनक्लिक्ड’मधल्या, म्हणजे क्लिक झाल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या, जावास्क्रिप्टच्या ओळीत तिने त्याच रुंदीला बरोबरचं चिन्ह वापरून 200 दिले, तर बाइंडिंग तिथेच तुटतं, सूत्राच्या चौकटीत आकडा टंकल्यावर सूत्र जातं, अगदी तसंच. चूक म्हणून काही दिसत नाही. पडदा चालू राहतो, फक्त पुढे खिडकी ताणली तरी ती वस्तू 200 वरच अडून बसते. संबंध परत हवा असेल तर ‘क्यूट डॉट बाइंडिंग’ या फंक्शनने तो नव्याने बांधावा लागतो. दोन वस्तूंनी एकमेकींवरून आपली रुंदी ठरवली तर मात्र इंजिन ‘बाइंडिंग लूप’ अशी तक्रार करतं.

आज संध्याकाळी दोघं मिळून हे करून पाहा : खिडकीत एक निळा चौकोन, रुंदी खिडकीच्या निम्मी, त्यावर माउसएरिया, क्लिक केल्यावर रुंदी 200. आधी खिडकी ताणा, मग चौकोनावर क्लिक करा, मग पुन्हा ताणा.