रोखलेला हात



2025 सालच्या जानेवारीअखेरीस व फेब्रुवारीच्या सुरुवातीस आपल्या अहिल्यानगर शहरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. गदा पृथ्वीराज मोहोळ यांनी जिंकली. पण नंतर चौकाचौकात बोलणे झाले ते वेगळ्याच गोष्टीचे. पंचांचा निर्णय मान्य न झालेल्या एका मल्लाने पंचांची कॉलर धरली व त्यांना लाथ मारली. अंतिम कुस्तीतही वाद झाला आणि दुसरा मल्ल मैदान सोडून गेला. दोघांवर 3 वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर पुढेही वाद चालू राहिला. तो सोडविणे आमचे काम नाही. आमच्या मनात मात्र एक प्रश्न घर करून राहिला: अंगात बळ असलेल्या माणसाने, आपल्यावर अन्याय झाला असे वाटते नेमक्या त्या क्षणी, स्वतःचा हात कसा आवरावा?

या प्रश्नावर विचार करायला लावणारा एक चित्रपट आम्ही युवकांबरोबर पाहिला. ‘फियरलेस’ हा 2006 सालचा चिनी चित्रपट. दिग्दर्शक रॉनी यू आणि प्रमुख भूमिकेत जेट ली. नावावरून वाटते, नुसती मारामारी असेल. मारामारी आहेच, पण खरी झुंज नायकाच्या मनात चालते.

कथा अशी. तिआनजिन शहरातील हुओ युआनजिया लहानपणी दम्याने आजारी असतो. वडील नावाजलेले मल्ल. पण ते त्याला विद्या शिकवत नाहीत. एका लढतीत वडिलांचा निर्णायक ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या अंगापर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो. तो ठोसा बसला असता तर समोरचा मेला असता. प्रतिस्पर्धी मात्र ती संधी साधून उलट वार करतो आणि जिंकतो. मुलाला वडिलांचा हरलेला चेहरा तेवढा दिसतो, रोखलेला हात दिसत नाही. यापुढे कधीच हरायचे नाही, असे तो मनाशी ठरवतो.

मोठेपणी तो खरोखरच हरत नाही. जिवावर बेतले तरी तक्रार नाही, अशा कागदावर सही करून लढतो. भोवती शिष्यांचा गोतावळा जमतो, दारूच्या मैफली झडतात. एके दिवशी एक शिष्य मार खाऊन येतो. चूक कोणाची, हे न विचारता हुओ रागाच्या भरात दुसऱ्या गुरूला आव्हान देतो आणि त्याला ठार मारतो. त्याचा सूड म्हणून हुओची आई व लहान मुलगी मारली जातात. आणि मग कळते की, मूळ चूक आपल्याच शिष्याची होती!

इथे अनेक चित्रपट सूडाच्या वाटेने जातात. हा चित्रपट शेताकडे वळतो. सर्व काही गमावून भटकणारा हुओ नदीत बुडता बुडता वाचतो. डोंगरातल्या एका गावात एक म्हातारी व एक अंध मुलगी त्याला आसरा देतात. तो भाताची लावणी करू लागतो. तिथेही त्याला इतरांच्या पुढे जायचे असते. म्हणून रोपे भराभर, दाटीवाटीने खोचतो. रात्री ती अंध मुलगी शेतात उतरून त्याची रोपे उपटते आणि अंतर राखून पुन्हा लावते. आपल्या अकोले तालुक्यात ज्यांनी आवणी केली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. रोपाला श्वास घ्यायला जागा लागते. माणसालाही लागते. वाऱ्याची झुळूक आली की गावकरी काम थांबवून क्षणभर उभे राहतात. हळूहळू हुओही थांबायला शिकतो.

परत आल्यावर तो दुखावलेल्या जुन्या मित्राची माफी मागतो. पुढे एका धिप्पाड परदेशी पैलवानाशी लढताना तो त्याला जबर इजा होण्यापासून वाचवतो आणि तोच पैलवान त्याचा हात उंचावतो. शेवटच्या लढतीत हुओवर विषप्रयोग होतो. मरता मरता त्याला अखेरचा ठोसा मारता आला असता. पण तो हात रोखतो. वडिलांनी रोखला होता तसाच. जपानी प्रतिस्पर्धी स्वतः त्यालाच विजयी ठरवतो.

खरा इतिहास थोडा वेगळा आहे, हेही सांगितले पाहिजे. हुओ युआनजिया हा खराखुरा मल्ल होता. शांघायमधील जिंगवू या संस्थेशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्याचा मृत्यू 1910 साली झाला. तो विषाने की आजाराने, यावर मतभेद आहेत. कुटुंबाच्या हत्येची कथा मात्र चित्रपटाने रचली आहे आणि त्यावर त्याच्या वंशजांनी आक्षेपही घेतला. म्हणून हा चित्रपट चरित्र म्हणून नव्हे, तर दृष्टान्त म्हणून पाहावा.

चित्रपट संपल्यावर एका युवकाने विचारले, “म्हणजे जिंकायचंच नाही का?” प्रश्न रास्त होता. आपल्या तालमीतला वस्ताद काय शिकवतो ते आठवा. कुस्तीआधी माती कपाळाला लावायची, समोरच्याला सलामी द्यायची. जिंकू नको, असे वस्ताद सांगत नाही. पण जोडीदार आहे म्हणूनच कुस्ती आहे, हे तो विसरू देत नाही. नम्रता म्हणजे दुबळेपणा नव्हे. ज्याच्या हातात बळ आहे, तोच हात रोखू शकतो. गेथशेमनी बागेत पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगणाऱ्या प्रभूकडे बळ कमी नव्हते. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस हेही आधी योद्धेच होते. 1522 साली मोन्सेरात येथे त्यांनी आपली तलवार मातेच्या वेदीपाशी ठेवली.

आपण काही आखाड्यात उतरत नाही. आपले आखाडे वेगळे आहेत: बांधाचा वाद, वाटणीचा कागद, लग्नात झालेला मानपान. एकाच बाकावर बसणारे दोन भाऊ मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करताना तोंड फिरवतात, हे आम्ही पाहिले आहे. दोघांनाही वाटते, आपले बरोबर आहे. कदाचित एकाचे खरोखर बरोबर असेलही. पण मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू आपल्याला वेदीपुढचे अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. चूक कोणाची, याचा निकाल लागेपर्यंत थांबा, असे तो म्हणत नाही.

हुओला हे उमगेपर्यंत त्याची आई व मुलगी गेली होती. आपला भाऊ अजून शेजारच्या घरात आहे.

घरी चर्चेसाठी:
1. वडिलांचा रोखलेला हात मुलाला का दिसला नाही? आपली मुले आपल्याकडून काय पाहतात?
2. पूर्ण चौकशी न करता आपण कोणाची बाजू घेऊन भांडलो आहोत का?
3. या आठवड्यात कोणाच्या दारात आधी जायला हवे?