आरोपपत्रातलं दुखणं

माझ्यावरच्या आरोपपत्रातला पहिला आरोप असा होता: ‘दुसऱ्या पाळीत लाइन सुपरवायझरने वारंवार हाक मारूनही आपण उत्तर दिले नाही. मशीन चालू असताना हातातला जॉब खाली ठेवून, शर्टाचे बटण चाचपत, तोंडाने चघळल्यासारखे करत उभे राहिलात. नंतर विचारणा केली असता असंबद्ध व उडवाउडवीची उत्तरे दिलीत.’ त्याखाली कलमं: वरिष्ठांची अवज्ञा, कामात हयगय. दुसरा आरोप त्याच पाळीतला, लॉकर रूमच्या बाकावर झोपलेला सापडल्याचा.

चाकणच्या एका कारखान्यात मी सीएनसी ऑपरेटर आहे आणि मला अपस्मार आहे. फिट येते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडून हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस येतो. माझा झटका तसा नाही. तो मेंदूच्या एका भागापुरता असतो. मिनिट-दोन मिनिटं नजर लागते, हात कपड्यांशी चाळा करतो, तोंड आपोआप हलतं, समोरच्याचं बोलणं पोचत नाही. मग काही वेळ डोकं बधिर, शब्द जुळत नाहीत, आणि झोप तर अशी की उभ्या उभ्या लागावी. आरोपपत्र घेऊन मी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, झटक्याचं इतकं नेमकं वर्णन घरच्यांकडूनसुद्धा मिळत नाही. याची एक प्रत माझ्या फाइलला लावा.

आजार मी लपवला नव्हता. निदान झाल्यावर पहिल्यांदा गेलो तो ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यात. पाचशेहून जास्त कामगार असले की कायद्याने अशी सोय ठेवावीच लागते, आणि आमचे डॉक्टर माणूस म्हणून चांगले. त्यांनी रजिस्टरला नोंद केली, आठवडाभर हलकं काम दिलं. सुपरवायझरलाही मी तोंडी सांगितलं होतं. आरोपपत्र हातात पडल्यावर मात्र एचआरने सांगितलं, ‘तुमच्या पर्सनल फाइलमध्ये यातलं काहीच नाही.’ खरंच नव्हतं. ओएचसीचं रजिस्टर गोपनीय असतं, डॉक्टरांनी ते एचआरला दाखवायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. पण माझी बातमी कॅन्टीनभर होऊ न देणाऱ्या त्याच गोपनीयतेमुळे कंपनीला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असंही म्हणता आलं. सुपरवायझरने चौकशीत सांगितलं, ‘कधीतरी चक्कर येते असं म्हणाला होता.’

म्हणून माझ्यासारख्या प्रत्येकाला मी आधी एवढंच विचारतो, तुझ्या आजाराचा कागद कुठल्या फाइलला आहे? कारवाई सुरू होण्याआधीच्या तारखेचा कागद असला तर तो खुलासा ठरतो. आरोपपत्रानंतर तेच सांगितलं की त्याला सबब म्हणतात, आजार कितीही खरा असला तरी.

पत्र लांबलचक नको. एचआर प्रमुखाच्या नावाने, एका पानात. निदान कधी झालं, उपचार कुणाकडे चालू आहेत, आणि मुख्य म्हणजे कामावर काय परिणाम होऊ शकतो आणि कंपनीकडून काय हवं. बहुतेक जण आजाराचं नाव लिहितात आणि थांबतात. नाव वाचून एचआरवाला घाबरतो, पण करायचं काय ते त्याला कळत नाही. माझ्या पत्रात आता असं आहे: झटका आल्यास मी दोन-तीन मिनिटं उत्तर देऊ शकणार नाही, त्यानंतर अर्धा तास विश्रांती लागेल, अपुऱ्या झोपेने झटके वाढतात म्हणून रात्रपाळी देऊ नये, उंचावर, फोर्कलिफ्टवर किंवा उघड्या फिरत्या भागांजवळ काम देऊ नये, बाकी सर्व काम मी करू शकतो. शेवटचं वाक्य विसरू नका. डॉक्टरांच्या दाखल्यातही ते मागून घ्या. नुसतं ‘विश्रांतीची गरज आहे’ लिहिलेला दाखला उलटा आपल्यालाच ‘अनफिट’ ठरवायला वापरतात. पत्राच्या दोन प्रती काढायच्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी ईमेल करायचा. गोळी बदलली, डोस वाढला, तरी दोन ओळींचं पत्र. अपस्मारावरच्या काही गोळ्यांनी झोप येते, चिडचिड होते, आणि शॉप फ्लोअरवर दोन्ही गोष्टी बेशिस्त म्हणूनच धरल्या जातात.

सगळ्यांनी सगळं सांगावं असं माझं म्हणणं नाही. ज्या आजाराचा कामाशी संबंध नाही तो आपल्यापाशी ठेवायचा पूर्ण हक्क आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७च्या कायद्याने कुणालाही आपली स्थिती उघड करायची सक्ती करता येत नाही, आणि त्या कारणाने नोकरी नाकारता किंवा काढून घेता येत नाही. त्याच्या वीस वर्षं आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने नाव गुप्त ठेवलेल्या एका हंगामी कामगाराच्या खटल्यात हेच तत्त्व मांडलं होतं, की काम करायला सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामापासून दूर ठेवता येणार नाही. मानसिक आजारांसाठी २०१७चाच मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे; रुग्णाच्या संमतीशिवाय डॉक्टर कंपनीला माहिती देऊ शकत नाहीत. पण जिथे आपल्या एका झटक्याने दुसऱ्याचा हात मशीनमध्ये जाऊ शकतो, तिथे गप्प बसणं मला पटत नाही. वाहन परवान्याच्या अर्जातल्या स्वघोषणेत अपस्माराचा प्रश्न थेट विचारलेला असतो, तो याच कारणाने. आणि नोकरीला लागताना भरायच्या फॉर्ममध्ये आजाराचा रकाना असेल तर खोटं लिहू नका. आजारपण हा गुन्हा नाही, खोटी माहिती देणं हे मात्र गैरवर्तनात धरतात. नेमकं तेच पुढे हत्यार होतं.

आता आरोपपत्र आलंच तर काय. माझ्या बाबतीत सगळ्यात धोक्याची वेळ चौकशीतली नव्हती, तिच्या आधीच्या एका संध्याकाळची होती. एचआरच्या केबिनमध्ये बसवून, चहा मागवून मला सांगितलं गेलं, ‘कशाला वाढवायचं? चूक झाली, पुन्हा होणार नाही, असा एक माफीनामा लिहून द्या. आपण इथेच मिटवू.’ बोलणारा मनापासून बोलत होता, यावर आजही माझा विश्वास आहे. पण माफीनामा म्हणजे कबुली. आज त्यावर ताकीद मिळते, पुढच्या झटक्याला तोच कागद ‘पूर्वीचे गैरवर्तन’ म्हणून समोर येतो. युनियनच्या ज्येष्ठ प्रतिनिधींनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मला एवढंच सांगून ठेवलं होतं: ‘आत काहीही लिहायचं नाही, बाहेर येऊन लिहायचं.’ मी उत्तरासाठी मुदत मागून बाहेर आलो. ‘राजीनामा द्या, हिशेब चोख करू’ या प्रस्तावालाही हेच उत्तर.

आम्ही दिलेल्या लेखी उत्तरात माफी नव्हती आणि भांडणही नव्हतं. आरोपातली घटना आम्ही नाकारली नाही; ती घटना म्हणजे आजाराचं लक्षण आहे एवढं म्हटलं, आणि ओएचसीच्या नोंदीची प्रत जोडली. स्वतःची वैद्यकीय नोंद मागायचा हक्क रुग्णाला असतो. त्यावर कंपनीने माझा ईईजीचा रिपोर्ट पुढे केला. तो नॉर्मल होता. ‘रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कुठला?’ असा त्यांचा मुद्दा. हे अनेकांच्या बाबतीत होतं, म्हणून नीट लक्षात ठेवा. ईईजी त्या अर्ध्या-पाऊण तासातल्या मेंदूच्या लहरी टिपतो. दोन झटक्यांच्या मध्ये काढलेला आलेख पूर्ण नॉर्मल येऊ शकतो. अपस्माराचं निदान मुख्यतः झटक्याच्या वर्णनावर होतं. न्यूरॉलॉजिस्टनी हे चार ओळींत लिहून दिलं, आणि सोबत आरोपपत्रातलं वर्णन अधोरेखित केलं.

चौकशी मराठीत व्हावी असा अर्ज करा, बचाव प्रतिनिधी घ्या, रोजच्या कामकाजाची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. उलटतपासणी तर सोडूच नका. दादांनी सुपरवायझरला विचारलं, हाक मारली तेव्हा हा तुमच्याकडे बघत होता का? तो म्हणाला, ‘बघत होता. म्हणजे, बघत नसल्यासारखा.’ मग तुम्ही काय केलंत? ‘खांद्याला धरून हलवलं.’ त्यावर हा काय म्हणाला? ‘म्हणाला, चहाची सुट्टी झाली का. तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.’ चौकशी अधिकाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ते उत्तर शब्दशः लिहून घेतलं. सुपरवायझर खोटं बोलला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

कायद्याचं म्हणाल तर अपस्मारवाल्यांची बाजू अजून अर्धवट आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. मानसिक आजार आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन आहेत, पण अपस्मार नावानिशी नाही. ही उणीव दूर व्हायला हवी. तरीही युनियनच्या वकिलांनी उत्तरासोबत सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर २०२१चा निकाल जोडला होता. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या रवींदर कुमार धारीवाल या अधिकाऱ्याचा तो खटला. मानसिक आजार असलेल्या माणसावर शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, आणि त्या वागण्यामागे अपंगत्व हे अनेक कारणांपैकी एक असलं तरी संरक्षण मिळतं, असं न्यायालयाने म्हटलं. ज्यांच्या आजाराचं नाव यादीत आहे त्यांनी हा निकाल वकिलाकडून नक्की समजून घ्यावा.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, संरक्षण तर अनेकांना ठाऊकच नसतं. १९४८च्या जुन्या कायद्याच्या ७३व्या कलमानुसार आजारपणाचा लाभ चालू असताना, किंवा रीतसर दाखल्यावर गैरहजर असताना, कामगाराला काढता येत नसे की शिक्षा करता येत नसे. निलंबन झालंच तर पहिले ९० दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता, पुढे आपल्यामुळे उशीर होत नसेल तर ७५ टक्के. म्हणून तारखा आपण वाढवून मागू नयेत. नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या आहेत आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुना क्रमांक टाकून अर्ज करण्याआधी वकिलाला दाखवा.

माझ्यावरचा अवज्ञेचा आरोप सिद्ध झाला नाही. झोपल्याबद्दल ताकीद मिळाली, ती आम्ही लेखी हरकत घेऊन स्वीकारली. रात्रपाळी बंद झाली, तिचा भत्ता गेला, आणि माझ्या वाटच्या रात्री दुसऱ्यांवर पडल्या. काही जण त्यावरून बोलले. त्यांचं चूक म्हणवत नाही. मशीन सोडून आता मी गेज रूममध्ये तपासणीला आहे.

लाइनवरच्या पोरांना ओएचसीच्या डॉक्टरांनी माझ्या संमतीने बसवून सांगितलं, ते तुमच्या खात्यातही सांगून ठेवा. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. नुसता भरकटलेला दिसला तर मशीनपासून हळूच बाजूला घ्यायचं, दरडावायचं नाही. खाली पडला तर कुशीवर वळवायचं, कॉलर सैल करायची, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८. आणि किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, हे ओएचसीच्या रजिस्टरला त्याच पाळीत लिहून घ्यायचं.